भैय्याजीचं अखेरचं ऐकणं

"तुह्या हातात दिला म्हणजे त्या फोनची माती झाली समज! आबाचा फोन होता थो, धम्म्या! त्याच्यात काय काय पाहिलं तू, सांग मले!"

सिंधूताईच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात चष्मा. चष्मा डोळ्याले लावायची तिची हिंमत होऊन नव्हती राहिली. काय दिसन अन् काय नाही!

"काही नाही पाहिलं वं आजी. टाइमपास केला."

"टाइमपास? हे काय हाय?" शेवटी चष्मा लागलाच. "'बुलेटच्या सायलेन्सरचा असा आवाज, कमजोर दिलवाले लांब रहा.' हे आबा ऐकत होते काय? ऑक्सिजन लावून?"

"हळू बोल न! शेजारचे ऐकून राहिले."

"ऐकू दे! अन् हे? 'बकरीनं केली पोलिसाची पिटाई.' चौदा वेळा पाहिलं, धम्म्या! चौदा वेळा!"

"मजेदार होतं थे," धम्मदीप पुटपुटला.

पोरगं साडेसोळा वर्षांचं. नववीत शाळा सुटली नव्हती, यानंच तिले सोडलं होतं. त्यानंतर इतवारी बाजारात एका भांड्याच्या दुकानात लागला, तिथं मालकासंग भांडला. मग टेम्पोवर लागला, तिथं ड्रायव्हरसंग भांडला. मग कोणी ठेवत नव्हतं म्हणून आबाजवळ दवाखान्यात बसायचं काम त्याले भेटलं. वीस दिवस. आबा खाटेवर, हा स्टुलावर, अन् आबाचा फोन याच्या हातात. आबाले तर फोन धरायचीही ताकद नव्हती. मग फोन रिकामा काहून ठेवायचा?

आबा म्हणजे भैय्याजी. कोराडीले वीजघरात नोकरी केली, रिटायर झाले, सक्करदऱ्यात दोन खोल्या बांधल्या, अन् आठ दिवसांमागं गेले. गुरुवारी पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पाहुणे गेले. आता शनिवारी दुपारी गणपतरावचा फोन आला होता, उद्या सकाळी दहाले भैय्याजीचं 'अखेरचं ऐकणं' ठेवलं म्हणून. अन् तिथून हे भांडण पेटलं होतं.

आता हे अखेरचं ऐकणं काय भानगड हाय, थे सांगा लागते.

सक्करदऱ्यात गणपतरावच्या घरी माडीवर एक हॉल हाय. तिथं दर रविवारी शास्त्रीय संगीताच्या शौकिनायचं मंडळ जमते. दहा-बारा जण. सगळ्यात जवान मेंबर एकाहत्तर वर्षांचा. प्रत्येकानं सांगायचं, सध्या मी काय ऐकून राहिलो, अन् त्यातलं थोडं टीव्हीवर लावून दाखवायचं. मग चहा. मग कोणाची शुगर किती, थे.

गणपतराव कोर्टातून रिटायर झालेले. त्यायले नियम केल्याशिवाय जेवण पचत नाही. चार वर्षांमागं मंडळातला पहिला मेंबर गेला, तेव्हा त्याच्या फोनमध्ये पाहिलं तर अखेरची भैरवी निघाली. सगळे ढसाढसा रडले. गणपतरावनं तिथंच नियम केला. मेंबर गेला की त्याचा फोन टीव्हीले जोडायचा, हिस्ट्रीत सगळ्यात वर जे असन थे लावायचं, अन् संपेपर्यंत सगळ्यायनं हात जोडून उभं राहायचं. मधात कोणी बसायचं नाही. मग भिंतीवर फोटो लागते.

पहिला मुहूर्त चांगला लागला, पण दुसऱ्या मेंबरनं घोळ केला. त्याच्या फोनमध्ये सगळ्यात वर निघालं, 'पोट साफ होण्याचे सात उपाय'! बारा मिनिटांचं! नियम म्हणजे नियम. सगळे हात जोडून उभे. चौथ्या उपायाले मंडळातल्या प्रेमलताबाईले हसू फुटलं, थे त्यायनं कसंबसं हुंदक्यात घातलं.

तेव्हापासून मंडळातला एकही माणूस बेसावध झोपत नाही! बातम्या पाहिल्या, सिरियल पाहिली, गुडघ्याचं तेल पाहिलं, की फोन ठेवायच्या आधी वरून पाच मिनिट एखादा राग लावायचा. जसं पान खाल्ल्यावर घरात शिरताना माणूस चूळ भरते, तसं. बोलावणं कधी येईन कोणाले माहीत! भैय्याजीही तसंच करत अन् हसत. "धम्म्या," म्हणत, "मराले टाइम हाय, पण तयारी पाहिजे."

अन् मेले तेव्हा फोन नातवाच्या हातात, अन् त्याच्यात बकरी!

"बारा वर्ष," सिंधूताई खाली बसली. आवाज एकदम बसला तिचा. "बारा वर्ष थे तिथं मागच्या सतरंजीवर बसले. पहिल्या दिवशी एकानं इचारलं, तुमच्याकडं तर भीमगीतं ऐकतात ना? हे म्हणे, तेही ऐकतो, हेही ऐकतो, कान दोन हायेत. मागच्या वर्षी कुठं त्यायले समोर खुर्ची भेटली, धम्म्या. उद्या फोटो लागनार भिंतीवर. अन् तू बकरी लावतं!"

हे धम्मदीपले लागलं. राग आला की याचे कान लाल होतात. राग कोणाचा आला थे त्यालेही समजलं नाही, पण कान झाले.

"आण इकडं थो फोन! पाच मिनिटाचं काम हाय! सगळी हिस्ट्री पुसतो, एक मस्त राग लावतो, झालं! त्यायच्या बापाले समजनार नाही!"

"जमन तुले?"

"आजी, मले फोनमधलं काय नाही जमत, थे सांग."

फोन घेऊन धम्मदीप घराजवळच्या तलावाच्या भिंतीवर जाऊन बसला. बकरी पुसली, बुलेट पुसली, कुस्त्या पुसल्या. हिस्ट्री अशी साफ झाली, जसं लग्नानंतरचं मंगल कार्यालय. आता राग. पण कोणता? त्याले रागातला एकच राग माहीत होता, अन् थो त्याच्या कानात राहत होता. त्यानं बोलून सर्च केलं, "सबसे भारी राग." शंभर निघाले. त्यातला सगळ्यात लांब त्यानं पकडला. 'राग तोडी, संपूर्ण. एक तास चार मिनिटं.' आबाले शेवटचं द्यायचं तर कंजूशी कायले?

साडेतीन मिनिट ऐकलं. एक बुवा 'आ' म्हणे, मग थांबे, मग पुन्हा तोच 'आ' म्हणे. म्हैस तलावात पाय टाकू का नको टाकू म्हणून इचार करते, तसं. आबाले याच्यात काय दिसत होतं कोण जाणे! त्यानं फोन बंद केला अन् छाती फुगवून घरी आला.

"झालं आजी! उद्या सगळे रडतीन!"

तसं रडले सगळे. पण थे नंतर.

रविवारी दहाले दोघं माडीवर गेले. सिंधूताईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, मांडीवर भैय्याजीचा फ्रेम केलेला फोटो. भिंतीवर सात फोटो लागलेले, आठवा खिळा ठोकून तयार. त्याच्या बाजूले नववा, दहावा, अकरावाही ठोकून ठेवला होता. गणपतराव म्हणे, एकदाच मिस्त्री बोलावला, परवडते. त्या रिकाम्या खिळ्यायखाली कोणीच खुर्ची टाकत नव्हतं, हे धम्मदीपनं बरोबर हेरलं.

आधी नेहमीसारखी फेरी झाली.

"प्रेमलताबाई, आपण सध्या काय ऐकून राहिल्या?" गणपतरावनं इचारलं.

"मारवा," प्रेमलताबाई म्हणाल्या. शाळेत पेटी शिकवत होत्या त्या, मंडळात त्यायचा शब्द शेवटचा. "रोज संध्याकाळी लावते. फार उदास वाटतं हो. मग गोळी घ्यावी लागते."

"उदासपणाची?"

"बीपीची."

"महादेवराव, तुम्ही?"

महादेवराव म्हणजे काडीले सदरा घातलेला माणूस. "मी एक जुनी कॅसेट ऐकतो. मैफलीत मीच रेकॉर्ड केलेली," थे म्हणाले. "त्यात एका जागी मागं आमची ही खोकलते. तेवढंच ऐकतो. मग परत मागं घेतो, परत ऐकतो."

गणपतरावनं वहीत लिहिलं, 'महादेवराव, जुनी मैफल.' अन् मग भैय्याजीचा फोन मागितला.

वायर लागली. हॉलभर मोठ्या टीव्हीवर तंबोऱ्याचं चित्र आलं. 'राग तोडी, संपूर्ण.'

"तोडी!" प्रेमलताबाईनं डोळे मिटले. "अहाहा! जाताना तोडी. काय माणूस होता! सिंधूताई, त्यांना तोडी आवडायची?"

"लय!" सिंधूताई म्हणाली. "पोळीसंगही ऐकत."

सगळे उभे राहिले. हात जोडले. बुवानं 'आ' म्हटलं.

पहिले पाच मिनिट एकदम झकास गेले. तीन जणायच्या डोळ्यात पाणी आलं. प्रेमलताबाईनं नाक पुसलं. धम्मदीपनं आजीकडं पाहून डोळा मारला. पाहिलं? म्हटलं होतं न!

दहा मिनिटानं बुवा अजून 'आ'वरच होता. एक आजोबा या पायावरून त्या पायावर झाले.

पंधरा मिनिटानं कोणाच्या तरी गुडघ्यातून कट्टकन आवाज आला, थोही बुवाच्या सुरात बरोबर बसला.

"किती वेळ आहे हो?" मागून कोणी तरी कुजबुजलं.

गणपतरावनं जोडलेल्या हातायच्या वरून टीव्हीकडं वाकून पाहिलं. त्यायचा चेहरा धुतल्या फडक्यावानी झाला. "एक तास चार."

"बसून ऐकलं तर?"

"नियम आहे."

"नियम बदलता येत नाही?"

"मीटिंग घ्यावी लागेल. मीटिंग बसून होते. बसता येत नाही."

आता धम्मदीपच्या डोक्यात उजेड पडला. उभं राहायचं असते! आबानं सांगितलं होतं, आजीनं सांगितलं होतं, अन् यानं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं होतं! अकरा म्हातारे अन् एक तास चार मिनिटं! वीस मिनिट झाले. एकीनं खिडकीची जाळी धरली. दुसऱ्यानं तिचा खांदा धरला. तिसऱ्यानं त्याचा. भरल्या बसमधली लाइन दिसून राहिली होती. पण बसायले कोणी तयार नाही. आज आपण बसलो, तर उद्या आपल्या वेळी कोण उभं राहीन?

पंचवीस मिनिट. महादेवराव डुलून राहिले होते. पहिले सगळ्यायले वाटलं, रंगले. धम्मदीपचे डोळे घारीचे. त्याले दिसलं, त्यायच्या ओठाचा रंग उडाला. दवाखान्यात वीस दिवस असे ओठ पाहिले होते त्यानं. महादेवराव उभे होते थे नेमके नवव्या खिळ्याखाली!

"बस्स!" धम्मदीपनं उडी मारली. फोन उचलला. बुवाले समोर ढकलाव अन् सरळ शेवटावर आणाव म्हणून त्यानं बोट घासलं. घाम आलेला, बोट सटकलं, दुसरीकडंच दबलं. बुवा बंद पडला. टीव्हीवर हिस्ट्री उघडली. भैय्याजीनं फोन मराठीत ठेवला होता, शौकानं. वर ठळक अक्षरात आलं, 'काल'. त्याच्या खाली राग तोडी. अन् त्याच्या खाली काहीच नाही. साफ. कोरं.

"काल?" गणपतराव म्हणाले. "भैय्याजींना जाऊन नऊ दिवस झाले."

कोणी तरी भिंतीवरच्या फोटोयकडं पाहिलं, जसं त्यायच्यातलंच कोणी खाली उतरून फोन लावून गेलं.

"सिंधूताई, हा काय प्रकार आहे?"

सिंधूताईनं फोटो पोटाशी धरला. "पोरगं हाय. चुकलं."

"चुकलं? हा अपमान आहे! अखेरच्या ऐकण्यात लबाडी! चार वर्षांत असं कधी झालं नाही! असा फोटो लावता येणार नाही. मी नियमाबाहेर..."

सिंधूताईनं फोटोवर पदर टाकला अन् दरवाज्याकडं वळली. बारा वर्षांची सतरंजी अन् एका वर्षाची खुर्ची, दोन्ही तिच्या मागं राहिले. थे पाहिलं अन् धम्मदीपचे कान पेटले.

"ओ काका! लबाडी कोणाले म्हणता? तुम्ही नाही करत? बातम्या पाहता, गुडघ्याचं तेल पाहता, अन् वरून पाच मिनिट राग फासता! आबानं सगळं सांगितलं मले! इथल्या एकानं तरी खरं ठेवलं काय फोनमध्ये? काढा! काढा सगळे फोन! लावा टीव्हीले!"

अकरा हात अकरा खिशांवर गेले. झाकायले!

"म्या आबासाठी तेच केलं. त्यायचा हात उठत नव्हता म्हणून म्या केलं. फरक एवढाच हाय, तुम्ही मराच्या आधी करता, त्यायचं नंतर झालं!"

आता मारतीन, असं वाटलं त्याले. त्यानं मुठी आवळल्या. पण गणपतराव हळूच खुर्चीवर बसले. उभे राहिल्यापासून पहिल्यांदा. मग सगळेच बसले. महादेवरावले प्रेमलताबाईनं पाणी दिलं.

"खरं आहे," गणपतराव म्हणाले. "मग भैय्याजींनी खरोखर अखेरचं काय ऐकलं? तू जवळ होतास ना?"

धम्मदीपनं आजीकडं पाहिलं. आजी दरवाज्यातच थांबली होती. हे तिलेही माहीत नव्हतं. त्यानं कोणालेच सांगितलं नव्हतं.

"दुपारी एकची गोष्ट हाय," तो म्हणाला. "बाजूच्या खाटेवरच्या पेशंटचा पोरगा फोनवर मिरवणुकीतली संदल लावून बसला होता. ढोल अन् पिपाणी. तेच तेच, पुन्हा पुन्हा, फुल आवाजात. मले वाटलं आबाले तरास होऊन राहिला. आबाचे बोटं चादरीवर हलून राहिले होते. मले वाटलं तडफडून राहिले."

"आणि?"

"मग म्या त्या पोराले शिवी देली. जोऱ्यात. त्यानं बंद केलं. आबाचे बोटं थांबले. मले वाटलं, झोपले बा एकदाचे आरामात. मी आवाज बंद करून बकरी पाहत बसलो. मग सिस्टर आली."

सिंधूताईनं दरवाज्याची चौकट धरली.

"बोटं कशी हलत होती?" प्रेमलताबाईनं इचारलं. आवाज एकदम बारीक. "दाखव."

धम्मदीपनं खुर्चीच्या हातावर बोटं वाजवून दाखवले. तीनदा. मधात एक जागा रिकामी सोडून, मग पुन्हा.

"खाली सोडतायत, तालातली रिकामी मात्रा!" प्रेमलताबाईनं तोंडावर हात ठेवला. "ताल धरला होता त्यांनी. संदलवर! मोजत होते."

हॉलमधला एकही माणूस मान वर करून नव्हता राहिला. धम्मदीपले आता समजलं. थे तडफडून नव्हते राहिले. आबा ऐकून राहिले होते. अन् यानं बंद पाडलं.

"म्हणजे त्यांचं अखेरचं ऐकणं संदल," एक आजोबा डोळे पुसत म्हणाले. "लावा मग संदल. उभे राहू."

"नाही." गणपतराव कोर्टात बोलत तसे बोलले. "संदल आधी. शिवी नंतर. अखेरचं म्हणजे अखेरचं."

"अहो, पण शिवी?"

"पोट साफ चाललं, मग हे का नाही? नातवाचा आवाज आहे. कोणत्या पट्टीत दिली होतीस?"

"मले काय माहीत पट्टी! जोऱ्यात देली!"

"म्हणजे वरच्या. ठीक. ताई, तो फोटो द्या इकडे."

गणपतरावनं सिंधूताईच्या हातातून फोटो घेतला, रुमालानं पुसला, अन् आठव्या खिळ्याले लावला. मग वळले. "उठा सगळे. लहान आहे, त्रास होणार नाही."

सगळे उठले. हात जोडले. डोळे मिटले. प्रेमलताबाईनंही.

"म्हण, बेटा."

साडेसोळा वर्षांत धम्मदीपनं हजार शिव्या देल्या होत्या, एकीलेही कोणी हात जोडून उभं नव्हतं राहिलं. त्यानं आजीकडं पाहिलं.

"म्हण न बा," आजी म्हणाली. डोळ्याची धार थांबून नव्हती राहिली तिच्या. "थे कवाचे उभे हायेत."

मग त्यानं म्हटली. ती शिवी काही लिहाजोगी नाही. चार शब्दांची, त्यातले दोन नात्यातले. पण जशी त्या दिवशी निघाली तशी नाही निघाली. पहिल्याच शब्दाले आवाज फाटला, मधात श्वास तुटला, अन् शेवटचा शब्द तर रडण्यातच गेला.

कोणी डोळे उघडले नाही. कोणी बसलं नाही. पंखा फिरत राहिला.

मग मागच्या रांगेतून महादेवराव म्हणाले, "बाबू, आमच्यापर्यंत नाही पोहोचली. जरा मोठ्यानं. परत."

"हो हो, परत," दोघं-तिघं म्हणाले. "पहिल्यापासून."

धम्मदीपनं हातातला फोन आजीच्या हातात ठेवला, दरवाज्यात चपला शोधल्या, उजवी डाव्या पायात घातली.

"मले निघा लागते आता."